ब्रेस्ताकच्या आधीचा थांबा

अकरा वर्षं मी सात नंबरची बस चालवतोय,
चौकातल्या चर्चपासून वर डोंगरापर्यंत.
ब्रेस्ताक सोळावा थांबा.
तिथे एक नर्स
आणि एकदा चुकून एक पोस्टमन,
बाकी कुणी उतरलेलं मी पाहिलं नाही.

तिथे इस्पितळ आहे. डोक्याचं.
पोरं भांडली की म्हणतात, ब्रेस्ताकचं तिकीट काढ.
सोयरीक जमवताना बायका हळूच विचारतात,
त्यांच्यात कुणी सोळाव्याला गेलंय का?

सगळे पंधराव्याला उतरतात.
पंधरावा म्हणजे विटांची बंद पडलेली भट्टी.
दर मंगळवारी पाच-सहा माणसं,
हातात मुरवलेल्या मिरच्यांची बरणी,
जणू भट्टीत कुणाची मावशी राहते.
बस वळणाआड जाईपर्यंत
बुटाची नाडी बांधत बसतात.
संध्याकाळी परतीच्या फेरीनंतर
मी पायरीवरची पिवळी माती झाडतो.
कुणाला काही बोललो नाही.

हृदयाचे पेशंट मात्र पुढच्या सीटवर बसतात,
छातीचा कागद उलगडून
शेजारच्याला दाखवतात.

बेकरीवाला स्तोइल म्हणतो,
ही भरल्या पोटाची दुखणी.
पहाटे तीनला उठवा, कणीक तिंबायला लावा,
बघा मन कसं ताळ्यावर येतं.
माझी सासू व्हेलिच्का शिसं वितळवते,
डोक्यावर चादर धरून पाण्यात ओतते
आणि गोठलेल्या गोळ्यात भीतीचा आकार शोधते.
गेल्या ऑक्टोबरात माझ्यासाठीही ओतलं.
"कुत्रं आहे. लहानपणी अंगावर आलं होतं?"
आलं होतं. कुणाच्या येत नाही?

मला कुत्र्याची भीती नव्हती.
शेवटच्या फेरीनंतर इंजिन बंद केलं की
हात स्टिअरिंगवरून निघायचे नाहीत.
एक तास. कधी दोन.
धरणाच्या वळणावरचा कठडा
मला ओळखीचा वाटू लागला होता.
ताप असता तर बायको म्हणाली असती,
अंगावर काढू नकोस.
याला ती म्हणाली, कुणाला सांगू नकोस.
मायेनंच म्हणाली.

मार्चमधल्या सुट्टीच्या एका मंगळवारी
मी माझ्याच बसमध्ये उतारू झालो.
रांगेल चालवत होता. "कुठे रे मिंचो?"
"भट्टीला. विटा बघायच्यात."
उतरलो,
आणि नाडीच नसलेल्या बुटाची नाडी बांधली.

मग शेतात पाहिलं, तर वाट.
चांगली बैलगाडीएवढी रुंद, मळलेली.
ओढ्यावर जुन्या कपाटाचं दार टाकलेलं,
चढावर धरायला तार.
एवढ्या लोकांनी
एकमेकांची नजर चुकवत
रस्ता बांधला होता.

समोरून स्तोइल आला.
कोपराला पीठ तसंच.
"मावशीकडे," तो म्हणाला.
"विटा," मी म्हणालो.
कपाटाच्या दारावरून एका वेळी एकच जाऊ शकतो.
त्याने मला आधी जाऊ दिलं.

डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची.
खिडकीत तिने कांद्याची पात लावली होती, दह्याच्या डब्यात.
मदत हवी आहे का, म्हणाली.
मी मान आडवी हलवली.
आमच्याकडे त्याचा अर्थ 'हो'.
परदेशी पाहुणे या मानेपायी
कधीकधी जेवणाशिवाय उठतात.
पण ती इथलीच होती.
तिने पेनाचं टोपण काढलं.

आता सोळाव्याला मी बस थांबवतो.
नाव मोठ्याने पुकारतो, बाजाराचं पुकारतो तसं.
दार उघडलं की थंडी आत घुसते,
मागून कुणीतरी ओरडतं,
लाव की दार, कोण उतरतंय इथे!

आज आरशात चौथ्या सीटवर एक बाई.
मांडीवर बरणी.
पंधराव्याला उठली नव्हती.
मी विचारलं, उतरायचंय?
तिची मान हलली.
आडवी की उभी, कळलं नाही,
आरशावर धूळ होती.

दार उघडंच ठेवलंय.